विलंबित आर्तव : औषध लिहिण्यापूर्वी

‘पाळी येण्यासाठी काहीतरी द्या’ ही मागणी ज्याच्या चिकित्सालयात होत नाही असा वैद्य विरळाच. सोबत आई किंवा सासू आलेली असते आणि आयुर्वेदीय औषध निर्धोक असते असा तिचा दृढ विश्वास असतो. या विश्वासामुळेच आपली जबाबदारी वाढते. रजःप्रवर्तिनी वटीत कासीस, टंकण, हिंग व कोरफडीपासून केलेला एळिया एकत्र येतात. हे उष्ण-तीक्ष्ण मिश्रण गर्भिणीस वर्ज्य आहे. म्हणून रुग्णा विवाहित असो वा अविवाहित, पहिला विचार गर्भाचाच करावा लागतो.

हा प्रश्न आईसमोर विचारून खरे उत्तर मिळत नाही. आम्ही नाडीपरीक्षा चालू असताना सोबतच्या व्यक्तीस बाहेर बसावयास सांगतो आणि मग साध्या शब्दांत विचारतो. सद्योगृहीतगर्भेची लक्षणे संहितांत सांगितलेली आहेत. परंतु ग्लानी, तृष्णा व मांड्यांचे जडपण यांवर निर्णय सोपवणे आज योग्य नव्हे. मूत्रपरीक्षेची पट्टी औषधाच्या दुकानात मिळते, आशाताईंकडेही ‘निश्चय’ नावाचा संच असतो. परीक्षा नकारार्थी आली व पाळी आली नाही, तर आठवड्याने ती पुन्हा करावी. ओटीपोटात एका बाजूस तीव्र वेदना, थोडा रक्तस्राव, भोवळ अशी रुग्णा मात्र थांबवून ठेवू नये. गर्भ बीजवाहिनीत राहिल्याची शंका घेऊन तिला तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

गर्भ नसल्याचे ठरल्यावर कारणाचा शोध सुरू होतो, आणि येथे बहुतेकांची दृष्टी चुकीच्या आठवड्यावर खिळते. बीज बाहेर पडल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी रजःस्राव होतो व हा काळ फारसा बदलत नाही. लांबतो तो त्याआधीचा काळ. म्हणजे मुळात बीजच उशिरा सुटलेले असते. तेव्हा ‘या आठवड्यात काय झाले’ यापेक्षा ‘मागील पाळीनंतरच्या दिवसांत काय झाले’ हे विचारावे. डेंग्यूचा ताप, परीक्षेची जागरणे, घरातील मृत्यू, प्रवास, कडक उपवास यांपैकी काही ना काही बहुधा सापडते. गौरी-गणपतीच्या सुमारास आणखी एक कारण हमखास भेटते : पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या. त्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत स्राव होणे अपेक्षित असते. तो न झाल्यास पुन्हा गर्भाचीच परीक्षा करावी.

आमच्या खडकवासल्याच्या परिसरात अलीकडे एक वेगळी रुग्णा वाढली आहे. येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ साली मुलींची पहिली तुकडी दाखल झाली व मे २०२५ मध्ये तिच्यातील १७ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. ते पाहून, तसेच पोलीस भरतीच्या ओढीने, आसपासच्या गावांतील मुली पहाटे धरणाच्या रस्त्यावर धावतात, सिंहगड चढतात. याचे आम्हांस कौतुकच आहे. पण कित्येकींचा आहार सकाळी चहा-बिस्किटे आणि दुपारी एक पोळी-भाजी एवढाच असतो. वजन कमी दिसले की त्यांना आनंद होतो, आणि दोन-तीन महिने पाळी आली नाही तर ‘बरेच झाले’ म्हणून त्या गप्प राहतात.

रज हा रसधातूचा उपधातू. रसच क्षीण असेल तर रज कोठून यावे? शरीरास मिळणारी शक्ती खर्चाहून कमी पडली की मेंदूकडून बीजग्रंथीस जाणारे संदेश मंदावतात, आणि हा क्षय लांबल्यास हाडेही ठिसूळ होतात, असे आधुनिक शास्त्रही सांगते. अशा मुलीस तीक्ष्ण औषध देऊन स्राव ‘आणणे’ आम्हांस मान्य नाही. तिला दूध, तूप, खीर, उसळी, शतावरी, पुरेशी झोप आणि धावण्यात आठवड्यातून विश्रांतीचा दिवस हवा. धावणे सोड असे मात्र सांगू नये. ती पुन्हा येणार नाही.

याउलट सुश्रुताचार्यांनी दोषांनी मार्ग आवृत झाल्याने आर्तव नष्ट होते असेही सांगितले आहे. स्थूल, मुरुमे व हनुवटीवर केस असलेली, मानेवर काळसर त्वचा असलेली तरुणी आली की आम्हांस हे वचन आठवते. तेथे लेखन, दीपन व व्यायाम उपयोगी पडतात. दोन्ही रुग्णांची तक्रार शब्दशः एकच असते, चिकित्सा मात्र जवळजवळ परस्परविरुद्ध.

औषधांची पिशवी उघडून पाहण्याची सवयही ठेवावी. ‘पित्तासाठी’ महिनोन्‌महिने घेतल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांत डोम्पेरिडोन असते. त्याने प्रोलॅक्टिन वाढून पाळी लांबू शकते. काही मनोविकारावरील औषधांनीही तसेच होते. मनोविकाराची औषधे आपण परस्पर बंद करू नयेत, ती देणाऱ्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहावी. थायरॉइडची तपासणी तर अशा प्रत्येकीत स्वस्त आणि सार्थ ठरते.

पाळी सुरू होऊन एक-दोन वर्षेच झालेल्या मुलीत, तसेच पंचेचाळिशीनंतर, अंतर मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. इतरांत सलग तीन महिने स्राव न झाल्यास सोनोग्राफी व स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. बीज न सुटता महिने गेले तर गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते, आणि ते नाडीवर कळत नाही.