रुमालाखालचे भाव
बैलबाजारात दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालून सौदा ठरवत. बोटं दाबली की समोरच्याला आकडा कळायचा. बाजूला उभ्या असलेल्यांना दिसायचा तो नुसता हलणारा रुमाल. शेतमालाच्या बाजारात हीच 'हत्ता पद्धत'. नियंत्रित बाजार आले, तिच्यावर बंदी आली आणि उघड लिलाव सुरू झाले. ऑनलाइन बाजार गेल्या पंचवीस वर्षांत नेमका उलटा चालत गेला.

२००० साली बाझी डॉट कॉम सुरू झालं तेव्हा सगळं उघड होतं. वस्तू लिलावात, बोली सगळ्यांसमोर. २००४ मध्ये ईबेने ही कंपनी सुमारे ५ कोटी डॉलरला घेतली. ईबेच्या लिलावात आपला कमाल आकडा यंत्राला सांगून ठेवायचा. दुसऱ्याची बोली आली की ते आपल्या वतीने जेमतेम तिच्या वर जायचं. त्यामुळे मुरलेले लोक शेवटच्या दहा सेकंदांत उडी घ्यायचे. एक जुना कॅमेरा माझ्या हातून असाच गेला, तोही घरच्या फोनची लाइन तासभर अडवून आणि बोलणी खाऊन.

पण खरी अडचण वेगळी होती. लिलावात भाव चढतो, आणि आपला हात बसलेला भाव उतरवण्यावर. २००५ मध्ये ईबेने 'बेस्ट ऑफर' आणली. गिऱ्हाइकाने कमी किंमत सुचवायची, विकणाऱ्याने हो म्हणायचं, नाही म्हणायचं किंवा मधला आकडा टाकायचा. पुढे अमुक रकमेखालची मागणी परस्पर नाकारण्याची सोयही आली. क्षणात नकार! पुण्याच्या तुळशीबागेत निदान विक्रेता डोळे तरी वटारतो.

ईबेचं भारतातलं दुकान १४ ऑगस्ट २०१८ ला बंद झालं. तोवर ओएलएक्स आणि क्विकरने जुन्या वस्तूंचा बाजार चॅटच्या चौकटीत आणला होता. टीव्हीवरच्या 'बेच दे' या जाहिरातीने माळ्यावरचा पंखासुद्धा विकाऊ ठरवला. इथे बोली कुणालाच दिसत नाही. एकाच सायकलीसाठी एकाला मी सहा हजार सांगतोय आणि दुसऱ्याला साडेपाच, हे फक्त मला ठाऊक. रुमाल परत आला तो असा.

भाषाही आटली. 'राम राम, कसं काय, द्यायचे बोला' हे सगळं 'लास्ट?' या एका शब्दात मावलं. वस्तू कशी आहे, किती वापरली, काही विचारायचं नाही, थेट 'लास्ट?'. मी पहिल्यांदा चिडलो, मग शिकलो. मनातल्या आकड्यावर पाचशे चढवून जाहिरात द्यायची आणि ते पाचशे सावकाश सोडायचे. अर्धी किंमत ऐकून दोन पावलं पुढे जायचं आणि 'ओ ताई, या इकडे' ही हाक येते का बघायचं, ही बायकांची जुनी युक्तीही चॅटमध्ये आली. फक्त इथे पावलं नाहीत. निरोप वाचायचा आणि उत्तर द्यायचं नाही. दोन दिवसांनी आपणच लिहितो, 'दादा, घेताय का?' आणि तिथे हरतो.

एक मात्र शिकायला वेळ लागला. जो घासाघीस करत नाही, त्याला घाबरायचं. 'मी लष्करात आहे, बदली झालीय, सांगाल ती किंमत देतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा' असं सांगून कितीतरी जणांची खाती रिकामी केली गेली. पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, हे लोकांना कळेपर्यंत बराच उशीर झाला होता. मी विकायला काढलेल्या कपाटालाही असा एक 'फौजी' भेटला. मागितलेली पूर्ण किंमत तो लगेच कबूल झाला, आणि तिथेच मला शंका आली. जुन्या कपाटाचे पूर्ण पैसे देणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

कपाट शेवटी गेलं एका नवरा-बायकोकडे. चार दिवस चॅट करून साडेचार हजार ठरले होते. टेम्पो घेऊन आले, दार उघडून बघितलं, आतला कप्पा ठोकून पाहिला. मग ताई म्हणाल्या, 'काका, टेम्पोचे तरी सोडा ना.' दोनशे सोडले. वर किल्लीचा जुडगाही शोधून दिला.