वहीत न आलेली मादी

माकडांचा कळप दिवसभर पाहून दिसेल ते टिपत गेले, तर वही भांडणांनी, पाठलागांनी आणि दात विचकणाऱ्या दांडग्या नरांनी भरते. पिलाला पोटाशी घेऊन तासन्‌तास गवत उपटून खाणारी मादी तिच्यात जेमतेम डोकावते. निरीक्षक खोटे लिहीत नसतो. त्याची नजर गलबल्याकडे ओढली जाते. मग अशा वह्यांवरून ‘कळप म्हणजे नरांची सत्तास्पर्धा’ असा निष्कर्ष निघाला, तर तो प्राण्यांबद्दल कमी आणि आपल्या नजरेबद्दल जास्त सांगतो. केनियातील अंबोसेली येथे बबून माकडांचा अभ्यास करणाऱ्या, मूळच्या गणिताच्या विद्यार्थिनी जीन आल्टमन यांनी १९७४ मध्ये एका शोधनिबंधात या दोषावर नेमके बोट ठेवले. कोणाकडे पाहायचे हे निरीक्षकाने ऐन वेळी ठरवू नये, असा त्यांचा आग्रह होता. प्राण्यांचा क्रम आधीच ठरवायचा, प्रत्येकाला सारखा वेळ द्यायचा आणि त्या वेळात त्याचे सगळे वागणे टिपायचे. तो नुसता बसून असला तरी तेही. झुडपाआड गेला, तर तेवढी मिनिटे ‘दिसला नाही’ म्हणून वेगळी लिहायची. दुसरी रीत म्हणजे ठरावीक मिनिटांनी सगळ्या कळपावरून नजर फिरवून त्या क्षणी कोण काय करतो ते नोंदवणे. अशा शिस्तीमुळेच मादीचा दिवस कशात जातो, हे मोजता आले. आल्टमन यांचे १९८० चे पुस्तक बबून मातांवरच आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

यावर आक्षेप असा की, दुर्मीळ घटना घड्याळ पाहून घडत नाहीत. युकिमारू सुगियामा यांनी १९६२ च्या सुमारास धारवाडजवळ, टोळी बळकावणारा नर वानर तिच्यातली पिले मारतो, हे नोंदवले. ठरलेल्या मादीवरच डोळे खिळवून बसले, तर असे काही निसटू शकते. हे खरेच आहे, म्हणून अशी घटना दिसली की लिहावीच. मात्र तिच्यावरून ‘असे घडते’ एवढेच म्हणता येते. ‘किती वेळा घडते’ हे सांगायला एकूण किती तास पाहिले याचा हिशेब लागतो. आता कॅमेरे सगळे टिपतात, मग ही शिस्त कशाला, असेही विचारले जाते. पण कॅमेरा कुठे लावायचा हे माणूसच ठरवतो, आणि चित्रफितीतून वागणूक वेचणारी नजरही त्याचीच. बबून भुवया उंचावून फिकट पापण्या दाखवतो, ही धमकी धरायची की नाही, हे आधी लिहून ठरवले नाही, तर एकच चित्रफीत पाहणाऱ्या दोघांचे आकडे जुळत नाहीत.