कॉलेज पाहायला जाताना

बारावीचा निकाल लागला की गावातल्या मोबाइलना वेगळीच जाग येते. ज्यांना कधी बँकेचाही फोन येत नाही, त्यांना पुण्याहून गोड आवाजात फोन येऊ लागतात. ‘काका, अभिनंदन! मुलीसाठी आमच्या कॅम्पसवर मार्गदर्शन मेळावा आहे. सगळ्यांनी या. चहा-नाश्ता, समुपदेशन सगळे मोफत.’ मार्क किती पडले, कोणती शाखा होती, हेही त्यांना ठाऊक असते. कसे ठाऊक असते हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

बावड्यासारख्या गावातून पुण्याला कॉलेज पाहायला जायचे म्हणजे पूर्ण दिवस जातो. पहाटे उठायचे, फजर पढून डबा बांधायचा, इंदापूर गाठायचे आणि तिथून सोलापूर महामार्गावरची एस.टी. धरायची. २०२३ च्या मार्चपासून महिलांना अर्धे तिकीट झाले आहे, त्यामुळे आता मुलीबरोबर अम्मीही येते. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. पूर्वी कॉलेज बघून यायचे अब्बा किंवा मामू, आणि राहायचे मात्र मुलीला.

गेली काही वर्षे मी अशा कुटुंबांसोबत जाते. परतीच्या गाडीत बहुतेक वेळा शांतता असते. सकाळी निघताना जी मुलगी सीट सोडून खिडकीतून बाहेर वाकत होती, ती संध्याकाळी ओढणीत तोंड लपवून झोपल्याचे नाटक करते.

मेळाव्यात काय दाखवतात ते सांगते. थंडगार सभागृह, भिंतीएवढा पडदा, त्यावर कोट घातलेल्या मुलांचे फोटो आणि फोटोखाली पॅकेजचा आकडा. मग एक संगणक कक्ष, ज्यात सगळे संगणक सुरू असतात पण समोर एकही विद्यार्थी नसतो. त्यानंतर टेबलापाशी बसवून म्हणतात, ‘आज सीट बुक केली तर सवलत आहे, उद्या सांगता येत नाही.’ एका ठिकाणी फार्मसीला जाऊ इच्छिणाऱ्या आमच्या मुलीने प्रयोगशाळा पाहायची म्हणून हट्ट धरला. किल्ली ज्या सरांकडे होती ते रजेवर होते. तिने विचारले, ‘इथे कायम शिक्षक किती आहेत?’ समोरची व्यक्ती हसली आणि अब्बांकडे वळून म्हणाली, ‘मुलगी हुशार आहे हो तुमची.’ उत्तर काही मिळाले नाही. तिच्या अब्बांचा फळांचा गाडा आहे. गाडीत बसल्यावर ते एवढेच म्हणाले, ‘पेटीत वरचा थर चांगला लावतात, खालचा बघू देत नाहीत.’

त्या दिवशी मुलगी रडली, पण माझ्या मते तो दिवस कारणी लागला. चार वर्षांची फी भरून जे कळले असते ते तिकिटाच्या पैशात कळले.

मात्र निराशेचा दुसरा प्रकारही आहे आणि तो जास्त फसवा आहे. अनुदानित जुन्या कॉलेजात गेले की रंग उडालेला असतो, चौकशीच्या खिडकीवरचा माणूस मान वर न करता ‘वेबसाइटवर बघा’ म्हणतो, सतरंजी घालून स्वागत कुणी करत नाही. आपल्या घरांतून लगेच निकाल लागतो: ‘वहाँ तो कोई पूछताच नहीं.’ अशा कॉलेजला जाहिरातीची गरज नसते म्हणून तिथे जाहिरात नसते, हे आपण विसरतो. फी कमी, ग्रंथालय पन्नास-साठ वर्षांत जमलेले आणि जे कायम प्राध्यापक आहेत ते नेट-सेट किंवा पीएच.डी. झालेले. त्यांचीही एक दुखरी बाजू आहे. अनेक जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर वर्ग चालतात. म्हणून ‘कायम शिक्षक किती’ हा त्या मुलीचा प्रश्न दोन्हीकडे विचारायलाच हवा. भिंतीच्या रंगावरून मात्र काही ठरवू नये.

कॉलेज पाहायचे तर मेळाव्याच्या दिवशी पाहू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. बारावीच्या वर्षातच, डिसेंबर-जानेवारीत, साध्या कामाच्या दिवशी जावे. दुपारी दोनच्या सुमारास ग्रंथालयात डोकवावे आणि मुले बसली आहेत की फक्त पंखे फिरत आहेत ते पाहावे. कँटीनमध्ये चहा घेत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोलावे. त्या खरे सांगतात, कधी कधी गरजेपेक्षा जास्त खरे. मुलींची खोली आणि स्वच्छतागृह अम्मीने स्वतः आत जाऊन पाहावे. आणि शेवटचा तास संपल्यावर कॉलेजच्या दारापासून एस.टी. स्टँडपर्यंत मुलीबरोबर पायी चालून यावे. त्या रस्त्यावर दिवे आहेत का, गर्दी कसली आहे, हे कोणत्याच माहितीपत्रकात छापलेले नसते.

पॅकेजच्या आकड्याबद्दल थोडेसे. फलकावर असतो तो सर्वांत मोठा पगार, एका मुलाचा. आपण विचारायचा तो मध्यक. वर्गातल्या मुलांना उंचीप्रमाणे रांगेत उभे केले की बरोबर मधे जो येतो, तशी पगारांच्या रांगेतली मधली रक्कम. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना ही रक्कम द्यावी लागते. तो तक्ता कॉलेजच्या संकेतस्थळावरही सापडतो. ‘नॅक’चे मानांकन पाहतानाही अक्षराबरोबर मुदत वाचावी, कारण जुनी मुदत संपलेली असली तरी कमानीवरचा ‘अ’ तसाच चमकत असतो. फार्मसीला फार्मसी कौन्सिलची आणि इंजिनिअरिंगला एआयसीटीईची मान्यता आहे का, ते त्यांच्याच यादीत तपासावे.

आता पैशाची गोष्ट. इथेच आपली घरे सर्वांत जास्त फसतात. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झाले आहे. अट अशी की मुलगी ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस गटातली हवी, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे आपण ज्याला कॅप राउंड म्हणतो त्यातून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही माफी नाही. खाजगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठे यांनाही ती लागू नाही. म्हणजे मेळाव्याच्या टेबलावर ‘सवलती’त सीट बुक करणारा बाप पुष्कळदा पूर्ण माफीवर पाणी सोडून येतो, आणि हे त्याला तिथे कुणी सांगत नाही.

बागवान, तांबोळी, मोमीन अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. ज्या आरक्षणात नाहीत त्यांना उत्पन्नाच्या अटीत बसल्यास ईडब्ल्यूएसचा दाखला काढता येतो. ‘ते आपल्यासाठी नसतं’ हे वाक्य मी पालकसभेत इतक्या वेळा ऐकले आहे की आता मी दाखल्याचा नमुनाच पिशवीत ठेवते. मात्र जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जातवैधता यांची धावपळ अकरावीतच सुरू करावी. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले निघाले की जुने पुरावे शोधायला महिने जातात.

पैसे भरून बसलेल्यांनीही हातपाय गाळू नयेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रवेशाची अंतिम तारीख यायला १५ दिवस किंवा जास्त असताना प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते. प्रक्रिया खर्च म्हणून ५ टक्के, तोही जास्तीत जास्त ५ हजार रुपये, एवढेच कापता येते. अंतिम तारखेला १५ दिवसांपेक्षा कमी राहिले असतील तर ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, त्यापुढे ३० व्या दिवसापर्यंत ५० टक्के आणि नंतर काही नाही. मूळ दाखले अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही. आमच्या एका मुलाचा दाखला असाच अडकवला होता. त्याच्या मोठ्या भावाने नियमाची प्रत जोडून लेखी अर्ज दिला आणि अर्जाची पोच मागितली. पोच मागितल्यावर कार्यालयाचा सूरच बदलला आणि दाखला मिळाला.

मग जायचे कुठे? आपल्या भागात काहीच नाही असे नाही. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून उभे आहे, विद्या प्रतिष्ठान १९७२ चे, शारदानगरला खास मुलींचे महाविद्यालय आहे. इंदापूरला कॉलेज आहे आणि नीरा ओलांडली की अकलूज. पुण्यात १९४८ च्या महाराष्ट्र कॉस्मोपॉलिटन एज्युकेशन सोसायटीचा आझम कॅम्पस आणि १९७० चे पूना कॉलेज आपल्या घरांना जवळचे वाटते. ‘अपना माहौल है’ हे कारण मी हलके मानत नाही. हिजाब घालून वर्गात निर्धास्त बसता येणे, जुम्याची वेळ न भांडता मिळणे, याने कोवळ्या वयात मन स्थिर राहते. पण हवा तो विषय तिथे आहे का आणि नंबर लागतो का, हे आधी पाहायला हवे. माहौलसाठी नको असलेला विषय घेणारी मुले दुसऱ्या वर्षी घरी परतलेली मी पाहिली आहेत.

घराजवळचे म्हणून रोज येऊन-जाऊन करण्याचा आग्रहही तपासून पाहावा. बावड्याहून बारामती रोज गाठणारी मुलगी अंधारात निघते आणि अंधारात येते, वर घरकामही तिच्याच वाट्याला. अशा मुलीला वसतिगृहात न ठेवणे म्हणजे तिची काळजी घेणे असे मला वाटत नाही.

इस्तिखारा जरूर करावा. पण आपल्याकडे मश्वरा न करताच इस्तिखाऱ्याला बसतात. कुणाला विचारलेले नाही, कॉलेज पाहिलेले नाही, आकडे वाचलेले नाहीत, आणि दोन रकात पढून स्वप्नाची वाट पाहायची! जे हातात आहे ते आधी करून घ्यावे.

कॅपचा ऑप्शन फॉर्म भरताना त्या फार्मसीवाल्या मुलीच्या घरी आम्ही चौघे बसलो होतो. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, म्हणून पहिल्या ओळीवरच तास गेला. अब्बांना नावाजलेले कॉलेज वर हवे होते, मुलीला ते, जिथे तिने मुलींना प्रयोगशाळेत खरोखर काम करताना पाहिले होते. शेवटी अम्मी म्हणाली, ‘पढना उसको है, पहला नंबर उसका लिखो.’

तिला तिचेच कॉलेज मिळाले, दुसऱ्या फेरीत. शिक्षण शुल्क माफ झाले, वसतिगृह आणि खानावळीचा खर्च घरातून जातो. रमजानमध्ये खानावळ पहाटे उघडत नव्हती. तेव्हा सहा मुलींनी मिळून वॉर्डनना अर्ज दिला. आता रात्रीच सेहरीचे डबे भरून मिळतात, पोळ्या थंड असतात अशी तिची तक्रार आहे.