सॉफ्टवेअरवरचा शोधनिबंध: गैरसमज आणि वस्तुस्थिती

संशोधनासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरवरचा लेख हा ‘खरा’ शोधनिबंध नव्हे आणि त्याचे परीक्षण नावापुरतेच होते, हा समज फार चिवट आहे. त्याचा फटका बसतो तो वर्षानुवर्षे कोड लिहिणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या संशोधकांना.

मुळात सॉफ्टवेअरवर लेख छापण्याची प्रथा नवी नाही. ‘कॉम्प्युटर फिजिक्स कम्युनिकेशन्स’ हे प्रोग्रामांवरचे लेख छापणारे नियतकालिक १९६९ पासून निघते आहे. परीक्षणाचे म्हणाल, तर २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’ची पद्धत पाहावी. लेख छोटा असतो आणि त्यात संशोधनाचे नवे निष्कर्ष मांडायचे नसतात. गैरसमज इथूनच होतो. तपासायचा असतो तो मुख्यतः कोड. परीक्षक सॉफ्टवेअर स्वतः इन्स्टॉल करतात, चालवून पाहतात. डॉक्युमेंटेशन वाचून नवख्याला ते वापरता येईल का, चाचण्या लिहिल्या आहेत का, परवाना मान्यताप्राप्त आहे का, हे ठरलेल्या यादीनुसार बघतात. उणीव आढळली की लेखकाने ती दुरुस्त करायची. हा सगळा संवाद परीक्षकांच्या नावांसह गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. उलट, नेहमीच्या शोधनिबंधाचे परीक्षक त्यामागचा प्रोग्राम बहुधा उघडूनही पाहत नाहीत. मग नावापुरते परीक्षण कोणते म्हणायचे?

असे लेख कोणी उद्धृत करत नाही, हेही खोटे. ‘नेचर’ने २०१४ मध्ये सर्वाधिक उद्धृत शंभर शोधनिबंधांची यादी दिली. तीत जनुकीय क्रम जुळवणारे ‘क्लस्टल डब्ल्यू’ दहावे, क्रम शोधणारे ‘ब्लास्ट’ बारावे आणि स्फटिकरचना उलगडणारे ‘शेलएक्स’ तेरावे होते. तिन्ही सॉफ्टवेअरच.

प्रकाशनाला मोठे शुल्क लागतेच असे नाही. वर सांगितलेले २०१६चे नियतकालिक लेखकाकडून काहीच घेत नाही. कोड खुला केला म्हणजे हक्क सोडला, असेही नाही. खुला परवाना स्वामित्वहक्काच्या आधारावरच उभा असतो. गिटहबवर कोड ठेवणे म्हणजे जतन करणे नव्हे, कारण तिथून तो केव्हाही काढून टाकता येतो. ‘गूगल कोड’ ही तशीच सेवा तर २०१६ मध्ये बंदच झाली. म्हणून त्या नियतकालिकात लेख स्वीकारला जाण्यापूर्वी लेखकाला तपासलेली आवृत्ती ‘झेनोडो’सारख्या संग्रहात ठेवून तिच्यासाठी डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक घ्यावा लागतो.

संशोधनात वापरलेल्या सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती आणि हा क्रमांक आभारांत नव्हे, संदर्भसूचीत द्यावा.