नाणं डबीतून बाहेर काढा

जून महिन्यातली गोष्ट. आमच्या बचत गटातल्या एक मावशी दुपारी दारात आल्या. हातात पावडरीचा जुना डबा. त्यांच्या धाकट्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी चार दिवसांत भरायची होती. डब्यात चांदीची नऊ नाणी. दर धनत्रयोदशीला एक, असं धुण्याभांड्याच्या पैशांतून साठवलेलं. "ताई, तुम्ही बरोबर चला, मला एकटीला सराफ काहीही सांगेल," म्हणाल्या.

सराफाने नाणी काट्यावर टाकली. कानशीने कडेला जरा घासलं, आम्लाचा थेंब टाकला, मशीनवर टंच काढला. पाच नाणी चोख निघाली. दोन सत्तर टंचाच्या आसपास. आणि उरलेल्या दोघांच्या कडेला कानस लागताच आतून तांबूस रंग दिसला. वरून नुसता मुलामा! नव्वद ग्रॅमचा हिशोब मनात धरून आलेल्या मावशींच्या पदरात चौसष्ट ग्रॅमचे पैसे पडले. २०२५ साली चांदी किलोला लाखाच्या वर गेली, तेव्हा ही सव्वीस ग्रॅमची तूट म्हणजे थोडीथोडकी नव्हे. मावशी काहीच बोलल्या नाहीत. फक्त ती दोन तांबूस नाणी परत मागून घेतली.

मला जास्त लागलं ते पुढेच. ती दोन्ही नाणी सगळ्यात देखण्या डबीतून आली होती. लाल मखमल, सोनेरी कडा, झाकणावर ठसठशीत '९९९'. नाण्यावर मात्र आकडा कुठेच नव्हता. आकडा होता तो डबीवर!

त्या रात्री मी घरातली सगळी चांदीची नाणी काढून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ट्यूबखाली मांडली. मुलाच्या बारशाची, नणंदेने दिलेलं, एका दुकानाच्या भिशीत मिळालेलं, आणि सासूबाईंचे दोन राणीछाप रुपये. भिंग घेऊन बसले. हे म्हणाले, "आता काय जवाहिऱ्याची परीक्षा देणार?" पण मैत्रिणींनो, एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. इतकी वर्षं आपण ही नाणी देव्हाऱ्यात ठेवतो, त्यांच्याकडे बघत मात्र नाही.

भिशीतल्या नाण्यावरच्या लक्ष्मीला नाकच नव्हतं. चेहरा सपाट, कमळाच्या पाकळ्या एकमेकींत मिसळलेल्या, हातातून पडणारी नाणी म्हणजे नुसते फुगवटे. नणंदेच्या नाण्यावर बोटं मोजता येत होती, मागची पाटी आरशासारखी आणि मूर्ती दुधाळ, मंद. दोन्ही दहाच ग्रॅमची. हा फरक कशाने पडतो ते हुपरीकडच्या एका कारागिराने मला नंतर समजावून सांगितलं. चांदीचा पत्रा लाटून त्याच्या गोल चकत्या कापतात, तापवून मऊ करतात, स्वच्छ करतात आणि वरखाली दोन ठसे लावून दाबयंत्रात दाबतात. ठसा झिजलेला असला, दाब कमी पडला किंवा चकती नीट मऊ झाली नसली की नाक, बोटं, अक्षरांचे कोपरे असे उंच भाग उमटत नाहीत. ठसा घासून चकचकीत केला आणि एकच चकती एकाहून अधिक वेळा दाबली की ती आरशासारखी पाटी मिळते. सरकारी टांकसाळीची स्मारक नाणी घेतली तर अशा नाण्याला 'प्रूफ' म्हणतात, आणि साध्या छापाच्या नव्या नाण्याला 'अनसर्क्युलेटेड'. नाणं तेच, छाप वेगळा, किंमतही वेगळी.

आता गंमत ऐका. सरकारी टांकसाळीची ही मोठी शंभर रुपयांची स्मारक नाणी, पस्तीस ग्रॅम वजनाची, अनेक वर्षं निम्मीच चांदीची असत. पन्नास टक्के चांदी, चाळीस टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. त्यात फसवणूक नाही, ते आधीच जाहीर केलेलं असतं आणि घेणारा ते संग्रहासाठी घेतो. पण 'सरकारी म्हणजे शुद्ध चांदी' असं धरून कुणी मोडायला नेलं तर पंचाईत. म्हणजे छाप सुरेख आहे म्हणून चांदी चोख असते असं नाही, आणि छाप पुसट आहे म्हणून खोटीही नसते. मावशींच्या पाच चोख नाण्यांतली दोन अगदी बेंगरूळ होती. छापावरून फक्त एवढंच कळतं की करणाऱ्याने जीव ओतला की हात उरकला. चांदी कळते ती काट्यावर आणि टंचाला.

सासूबाईंच्या राणीछाप रुपयाची मात्र शान वेगळी. जुन्या लोकांच्या तोंडी 'कलदार' शब्द होता, म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. वजन बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, आणि चांदी जवळजवळ ९२ टक्के. १८७७ पासूनच्या नाण्यांवर राणीच्या नावापुढे 'एम्प्रेस' आलं, त्याआधी 'क्वीन'. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ ला रुपया निकेलचा झाला, तेव्हा साल बघूनच हिशोब करावा. ओट्यावर टाकला की खणखणीत वाजतो, म्हणून तर आपण माणसालाही 'खणखणीत नाणं' म्हणतो! पण आता बाजारात राणीछापाच्याही नव्या नकला भरपूर आहेत. केसांच्या वेणीवरच्या रेघा पुसट, कडेचे कंगोरे वेडेवाकडे आणि वजन अर्धा-एक ग्रॅम कमी दिसलं की सावध व्हावं. आजीच्या ट्रंकेतला सापडला तर गोष्ट निराळी.

डबीचं म्हणाल तर तीन तऱ्हा दिसतात. मखमली डबी, पारदर्शक गोल डबी, आणि अलीकडचं सीलबंद कार्ड. कार्डावर वजन, शुद्धता आणि क्रमांक छापलेला असतो, नाण्याला हात लागत नाही, ओरखडे पडत नाहीत. मला हे कार्डच बरं वाटतं. अडचण एकच, ते फोडलं की बऱ्याच दुकानांत नाण्याचा भाव उतरतो, आणि न फोडता नाणं वाजवताही येत नाही, घासताही येत नाही. म्हणून सीलबंद नाणं विश्वासाच्या ठिकाणी आणि पावतीवरच घ्यावं. त्या मखमली डबीचे पैसे बहुतेक वेळा मजुरीत धरलेले असतात, आणि मोडताना डबी कुणी काट्यावर घेत नाही. 'डबीशिवाय केवढ्याला?' असा प्रश्न एकदा विचारून बघा. मी विचारला तेव्हा दुकानातल्या पोराने आधी मालकाकडे पाहिलं. रंगीत लक्ष्मी छापलेली नाणीही येतात. दिसायला छान, पण रंगाखाली छाप कसा आहे ते कळत नाही.

घरी ठेवतानाही आपण चुकतो. मऊ, लवचिक प्लॅस्टिकच्या स्वस्त पिशवीत वर्षानुवर्षं राहिलं की नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. रबरबँड तर नकोच, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. आणि पूजा झाली की भांड्याच्या पावडरीने खसाखसा घासायचं, ही आपली खास सवय! चोख चांदी मऊ असते, दहा दिवाळ्यांत लक्ष्मीचं नाक आपणच घासून टाकतो. पूजेचं नाणं एक ठेवावं, त्यावर हवी तेवढी हळदकुंकवं व्हावीत. साठवणीची नाणी वेगळी, हात न लावता.

सोन्याचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी आता आपल्या परिचयाचा झाला आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कलाही तो आला आहे, अर्थात ऐच्छिक. बीआयएसच्या मोबाइल ॲपवर क्रमांक टाकून पडताळता येतो. सक्ती नाही, तेव्हा आपण मागितला तरच दुकानदार आणणार.

मावशींच्या लेकीची फी भरली गेली, कमी पडलेली रक्कम गटातून दिली. दिवाळीला त्या पुन्हा नाणं घ्यायला निघाल्या तेव्हा मीही गेले. त्यांनी डबी बाजूला सारली, नाणं नुसतं काट्यावर ठेवायला लावलं, डोळ्यांजवळ नेऊन लक्ष्मीचं नाक बघितलं आणि पावतीवर वजन, टंच आणि मजुरी वेगवेगळी लिहून घेतली. मागे रांग वाढत होती, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. पावती त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिली आहे. घरात ठेवली तर नातू तिची होडी करतो म्हणे.