घड गेला, सहाशे किलो धागा बांधावर राहिला

केळीच्या झाडाला आयुष्यात एकदाच घड लागतो. घड उतरवला की त्या खोडाचे काम संपते आणि शेजारच्या पिलाला जागा मिळावी म्हणून ते कापावे लागते. दीड बाय दीड मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. एका खोडाचे वजन हात राखून पंधरा किलो धरले, तरी एका हेक्टरमधून सुमारे ६६ टन खोडे निघतात.

आता हाच हिशेब जळगाव जिल्ह्याला लावून पाहू. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या इथल्या केळीचे क्षेत्र ५० हजार हेक्टरच्या आसपास आहे. सगळी बाग वर्षातून एकदा कापली जाते असे समजू आणि हेक्टरी ६६ ऐवजी ६० टनच धरू. एकूण ३० लाख टन खोडे होतात. दहा टनांच्या ट्रकमध्ये ती भरायची तर तीन लाख ट्रक लागतील. एक ट्रक दहा मीटर लांबीचा धरला, तर एकामागे एक उभी केलेली ही रांग ३,००० किलोमीटरची होईल. हा एका जिल्ह्याचा एका वर्षाचा हिशेब झाला. भारत केळी उत्पादनात जगात पहिला आहे. देशातले केळीचे क्षेत्र ९ लाख हेक्टरहून अधिक आहे, आणि तेवढ्याचीच खोडे साडेपाच कोटी टनांच्या घरात जातात.

यातली बरीचशी खोडे बांधावर, रस्त्याकडेला नाहीतर नाल्यात पडतात. ओली असल्यामुळे ती पेटत नाहीत, आणि शेतात तशीच सडली तर किडीला आसरा मिळतो. ती बाहेर काढण्याची मजुरी शेतकऱ्याच्याच खिशातून जाते.

या खोडाला आपण खोड म्हणतो, पण त्यात लाकूड नसते. एकमेकांवर घट्ट गुंडाळलेल्या सोपटांचा तो खांब असतो. आडवा काप घेतला तर कांद्यासारखे थर दिसतात, आणि प्रत्येक थरात पाण्याने भरलेल्या बारीक कप्प्यांची जाळी असते. सोपटाच्या बाहेरच्या बाजूने उभे धागे गेलेले असतात. याच धाग्यांनी कोकणात आणि गोव्यात अबोलीचे वळेसर पिढ्यान्‌पिढ्या गुंफले गेले. धागा काढायला रास्पाडोर नावाचे यंत्र वापरतात. जोरात फिरणाऱ्या रुळावर बोथट पाती बसवलेली असतात. माणूस सोपटाचे एक टोक हातात घट्ट धरून दुसरे टोक आत सारतो आणि लगेच मागे ओढतो. गर आणि पाणी खाली गळते, हातात फिकट पिवळ्या धाग्यांची जुडी उरते. मग टोक बदलून उरलेली बाजू आत घालायची. जुडी धुऊन दोरीवर वाळत टाकली की तिला रेशमासारखी चकाकी येते.

शंभर किलो ओल्या खोडातून साधारण एक ते दीड किलो धागा मिळतो. एकच किलो धरला, तरी हेक्टरी ६० टन खोडांतून ६०० किलो धागा निघतो. भारतात कापसाच्या रुईची सरासरी उत्पादकता हेक्टरी ४५० किलोच्या आसपास आहे. म्हणजे केळीच्या बागेतून आपण जे फेकतो, त्यात कापसाच्या हेक्टरभर पिकापेक्षा अधिक धागा असतो. त्यासाठी वेगळी जमीन लागत नाही, पाण्याची वेगळी पाळी द्यावी लागत नाही, फवारणीही नाही. ते सगळे केळीसाठी आधीच खर्च झालेले असते.

जळगावच्या ३० लाख टन खोडांत असा ३० हजार टन धागा आहे. कापसाच्या १७० किलोच्या गाठींच्या मापात तो पावणेदोन लाख गाठींहून अधिक भरतो. देशभराचा आकडा ५ लाख ४० हजार टन, म्हणजे जवळपास ३२ लाख गाठी.

तरीही या आकड्यांनी भारावून जाण्याआधी जगाचा आकडा समोर ठेवला पाहिजे. २०२३ साली जगात सर्व प्रकारचे मिळून १२ कोटी ४० लाख टन तंतू तयार झाले आणि त्यातले ५७ टक्के पॉलिस्टर होते. भारतातल्या केळीचा सगळा धागा काढला, तरी तो या ढिगाच्या अर्धा टक्काही भरत नाही. केळीच्या धाग्याने जग पॉलिस्टरमुक्त होईल, हे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

धाग्याची स्वतःची मर्यादाही आहे. कापसात नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते. केळीच्या धाग्यात ते साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपास असते आणि सोबत ताठरपणा देणारे लिग्निन असते. त्यामुळे दोर, चटया, पिशव्या आणि कागद यांसाठी तो उत्तम. अंगावरच्या कापडासाठी मात्र त्याला मऊ करून कापसात मिसळावे लागते. जपानमधल्या ओकिनावा बेटावर किजोका इथे केळीच्याच कुळातल्या झाडापासून ‘बाशोफू’ नावाचे कापड हाताने विणतात. सोपटे निवडून, धागे एकेक करून जोडून ते तयार होते आणि एका किमोनोच्या कापडाला सुमारे २०० झाडे लागतात.

खरी अडचण मात्र त्या शंभराला एक या प्रमाणात आहे. महाराष्ट्राला कारखाना म्हटले की साखर कारखाना आठवतो. शंभर किलो ऊस दूरवरून आणला तरी दहा किलोच्या आसपास साखर मिळते, म्हणून वाहतूक परवडते. केळीची दहा टन खोडे ट्रकमध्ये भरून नेली तर हाती शंभर किलो धागा येतो. बाकीचे भाडे पाणी वाहून नेण्याचे. म्हणून हा धंदा मोठ्या शहरातल्या एका गिरणीत कधीच उभा राहणार नाही. यंत्रच बांधावर आले पाहिजे.

एका रास्पाडोरवर दिवसाला दहा-पंधरा किलो धागा निघतो. पंधरा किलो आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर जळगावचा सगळा धागा काढायला साडेसहा हजारांहून अधिक यंत्रे लागतील. एका यंत्रावर दोन माणसे म्हटली तर तेरा हजार जणांना गावातच वर्षभर काम मिळेल. जगाच्या तराजूत अर्धा टक्काही न भरणारा धागा रावेर, यावल, चोपड्याच्या तराजूत एवढा भरतो.

शंभर किलो खोडातले उरलेले ९९ किलोही वाया जाण्याचे कारण नाही. नवसारी कृषी विद्यापीठाने खोडाच्या रसापासून द्रवरूप खत आणि चोथ्यापासून गांडूळखत तयार करून दाखवले आहे. धाग्याच्या विक्रीत खताची भर पडली तरच बांधावरच्या यंत्राचा हिशेब जुळेल. यंत्राचे पाते हाताच्या अगदी जवळ फिरते, त्यामुळे सुरक्षित यंत्र आणि रास्त मजुरी यांनाही या हिशेबात आधीपासून जागा हवी.

खानदेशातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आणि बचत गटांनी हे काम हाती घ्यावे. सुरुवात एका शिवारातल्या दोन-चार यंत्रांनी करावी, पण यंत्र विकत घेण्याआधी धागा कोण घेणार हे पक्के करावे. ग्राहकांनीही डोळे उघडे ठेवावेत. ‘बनाना सिल्क’ या नावाने विकली जाणारी प्रत्येक साडी केळीच्या धाग्याची नसते. दुकानदाराला विचारा: यात केळीचा धागा किती टक्के आहे आणि तो कुठल्या गावातून आला? ज्याच्याकडे या दोन्ही प्रश्नांची उत्तरे असतील, त्याच्याकडूनच घ्या.