इलाज संपला तरी देखभाल संपत नाही

परभणी असो, जिंतूर, पाथरी की गंगाखेड. गंभीर आजारी मूल असलेले एखादे घर आपल्या प्रत्येकाच्या माहितीत असते. कुणाला रक्ताचा कॅन्सर, कुणाला थॅलेसेमिया, कुणाचे स्नायू दिवसेंदिवस दुबळे होत चाललेले. आईबाप दागिने मोडून मुंबई-हैदराबाद गाठतात. एखाद्या दिवशी डॉक्टर म्हणतात, "आता घरी न्या, सेवा करा." ही सेवा कशी करायची, हे मात्र बहुतेकांना कुणी समजावत नाही.

ते शिकवणारी शाखा वैद्यकशास्त्रात आहे. तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात आणि ती जिथे मिळते त्या जागेला हॉस्पिस. जगातले मुलांसाठीचे पहिले हॉस्पिस १९८२ साली इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे सुरू झाले. हेलन नावाच्या आजारी मुलीला तिचे आईबाप घरीच सांभाळत. त्यांना थोडी विश्रांती मिळावी म्हणून सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका अधूनमधून तिला आपल्याकडे ठेवून घेत. त्यातूनच 'हेलन हाउस' उभे राहिले. म्हणजे मुलाबरोबर थकलेल्या आईबापाला आधार देणे, हाच या कामाचा पाया आहे.

आपल्याकडे हॉस्पिस म्हटले की 'आशा सोडली' असे वाटते. हा गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांची ही सेवा आजाराचे निदान होताच सुरू व्हावी आणि उपचारांच्या जोडीने चालावी. दुखणे, उलटी, दम लागणे, झोप न येणे यांवर औषधे असतात. ती दुखणे असह्य झाल्यावर नव्हे, ठरलेल्या वेळी द्यायची असतात. तीव्र वेदनेसाठी डॉक्टर मॉर्फिनही देतात. त्याला घाबरू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गरजेपुरते दिलेले औषध म्हणजे नशा नव्हे. मुलाने तळमळत राहणे म्हणजे सब्र, असेही नाही. इलाज करणे ही सुन्नतच आहे.

दुखण्याइतकेच महत्त्वाचे असते मुलाचे मन. आपल्याला काय झाले आहे, याचा अंदाज मुलांना असतो. घरात सगळे कुजबुजू लागले की ती अधिक भितात. त्यांच्या प्रश्नांना सोप्या शब्दांत खरे उत्तर द्यावे. खेळ, चित्रे, अभ्यास जमेल तितका चालू ठेवावा. घरातल्या दुसऱ्या मुलांकडेही लक्ष हवे. 'अम्मीचे आता माझ्याकडे लक्षच नाही' हे त्यांचे दुःख कुणाला दिसत नाही.

महाराष्ट्रात असे काम झाले आहे. २०१० च्या सुमारास जव्हारसारख्या आदिवासी भागातल्या सरकारी रुग्णालयात मुलांसाठी ही सेवा सुरू झाली. मुंबईत शीव येथे 'हॅपी फीट होम' २०१४ पासून अशा मुलांना दिवसभर आधार देते. कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या बाहेरगावच्या मुलांना पालकांसह विनामूल्य राहण्याची सोय 'सेंट ज्यूड' २००६ पासून करते.

जव्हारला जे जमले, ते आपल्या जिल्ह्यातही मागता येते. पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करावी. मोठ्या रुग्णालयातून घरी निघताना चार गोष्टी लिहून घ्याव्यात: दुखले तर काय द्यायचे, किती वेळाने द्यायचे, रात्री त्रास वाढला तर फोन कुणाला करायचा आणि औषध जवळ कुठे मिळेल. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपर व थर्ड एसीत पूर्ण, तर सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो.

आता थोडे आपल्या शेजारधर्माविषयी. आजारी माणसाची विचारपूस म्हणजे इयादत, मोठ्या सवाबचे काम. पण "कुणाची नजर लागली", "आईनेच दुर्लक्ष केले असेल" असे बोलून आपण दुखावून येतो. त्यापेक्षा जेवणाचा डबा न्यावा, थोडाच वेळ बसावे, भावंडांना शाळेत सोडावे, दोन तास मुलाजवळ थांबून आईला झोपू द्यावे. कुटुंब जकातीस पात्र असेल तर न मागता, गाजावाजा न करता पोहोचवावी.

आणि मूल गेलेच, तर त्या आईला "रडू नको, गुनाह होईल" म्हणू नये. आपले पैगंबर (स.) चिमुकल्या इब्राहीमच्या वफातीच्या वेळी रडले होते. डोळ्यांतले पाणी सब्रच्या आड येत नाही. चाळिसाव्यानंतर घरी येणारी माणसे कमी होतात, तेव्हाही त्या दारात जात राहावे. मुलाचे नाव घ्यावे, त्याच्या आठवणी ऐकाव्यात. आपल्या मोहल्ल्यात असे एखादे घर असेल, तर या जुम्याच्या नमाजनंतर तिकडे नक्की जाऊन या.